मुलगी मेंदू शिकायचं म्हणतेय

निकाल लागले की आमच्या स्टाफरूमच्या दाराशी पालकांची ये-जा सुरू होते. पूर्वी प्रश्न ठरलेले असायचे. बी.एड. करू दे का, एमपीएससीला बसवू का, बँकेच्या परीक्षा कशा असतात. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "सर, ही न्यूरोसायन्स करायचं म्हणतेय. म्हणजे नक्की काय? आणि त्याचं पुढे काय?" प्राणिशास्त्र शिकवण्यात हयात गेल्यामुळे हा प्रश्न फिरत फिरत माझ्याकडेच येतो. उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज जरा निवांत बोलू या.

आधी तुमच्या मनातली धास्ती. नाव असं भारदस्त, म्हणजे खर्चही तसाच असणार, असं तुम्हाला वाटतं. पण आपल्या देशात नीट वाटेने गेलं, तर हे शिक्षण खाजगी इंजिनिअरिंग किंवा मेडिकल कॉलेजपेक्षा कितीतरी स्वस्तात होतं. इथे खर्ची पडतात ती वर्षं. पदवी झाल्यावरही आठ-नऊ वर्षं मुलगी 'शिकतच' असते. आणि आपल्या मध्यमवर्गीय घरांची रीत अशी, की पोटाला चिमटा काढून आपण पैसे उभे करतो, प्रसंगी कर्ज काढतो, पण वेळ देताना आपला हात आखडतो. माझं आजचं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे.

आता पहिला प्रश्न. ती डॉक्टर होणार का? रुग्ण तपासणारी डॉक्टर ती होणार नाही. इथे बऱ्याच घरांत घोटाळा होतो, म्हणून फोड करून सांगतो. फिट येणाऱ्या किंवा पक्षाघात झालेल्या माणसावर औषधोपचार करतो तो न्यूरॉलॉजिस्ट. एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम अशी त्याची वाट. डोक्याचं, मणक्याचं ऑपरेशन करणारा न्यूरोसर्जन. त्याची सुरुवातही एमबीबीएसनेच होते. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हाही वैद्यकीय डॉक्टरच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्राकडून येतो आणि त्याला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. न्यूरोसायंटिस्ट या सगळ्यांच्या पाठीमागे, प्रयोगशाळेत असतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात, आठवण कशी टिकते, भीती का जात नाही, झोपेत नेमकं काय चालतं, याचा शोध घेणं हे त्याचं काम. न्यूरोसायन्सची पीएचडी केलेल्याला नावामागे डॉक्टर लावता येईल, पण एमएस्सी असो वा पीएचडी, दवाखाना थाटता येणार नाही. मुलाची खरी ओढ माणसं बरी करण्याची असेल, तर त्याने ही वाट धरायच्या आधीच हे त्याच्या कानावर घाला.

हे आवर्जून सांगतो, कारण पुष्कळ मुलांच्या मनात हा विषय घरातल्याच एखाद्या दुखण्यातून रुजलेला असतो. आजीला विस्मरण झालेलं असतं, ती नातवाला त्याच्या बाबांच्या नावाने हाक मारायला लागलेली असते. धाकट्या भावाला फिट येत असतात. त्या ओढीची थट्टा करू नका, ती फार खरी असते. पण मुलाला हेही समजू द्या, की तो जे शिकणार आहे त्याचा उपयोग आजीला होण्याची शक्यता जवळजवळ नाही. प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट औषध बनून दुकानात यायला दशकं लागतात, आणि बहुतेक गोष्टी तिथवर पोचतही नाहीत. हे ऐकूनही ज्याची उत्सुकता टिकते, तो या विषयात रमेल.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलतो. मधल्या काळात आपल्याकडे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चं पेव फुटलं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात, रंग ओळखतात असं दाखवायचं आणि पालकांकडून हजारो रुपये घ्यायचे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्याचं पितळ उघडं पाडलं. त्यात पोळलेले पालक मेंदूचं नाव काढलं की बिचकतात, आणि त्यात त्यांचं चूक नाही. आजही 'न्यूरो' हे अक्षर पुढे लावून काहीबाही विकलं जातं. चार शनिवार-रविवारांत प्रमाणपत्र देणारे कोर्स आहेत, फी भरभक्कम आणि प्रयोगशाळा नावालाही नाही असे डिप्लोमा आहेत. खऱ्या संस्थेची खूण सोपी आहे. तिथे प्रवेश परीक्षा असते, मुलाखतीत मुलाची पिसं काढतात, आणि पीएचडीला घेतलं की संस्थाच मुलाच्या हातावर दरमहा पैसे ठेवते.

आता इतकी वर्षं का लागतात ते सांगतो. हे कळलं, की निम्मा त्रागा कमी होतो.

माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी असतात. इतक्या पसाऱ्याला एकदम हात घालता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञ लहान जिवांपासून सुरुवात करतात. एक मिलिमीटर लांबीचा एक गोलकृमी आहे, त्याच्या अंगात चेतापेशी अवघ्या ३०२. त्या एकमेकींना कशा जोडल्या आहेत, याचा नकाशा काढायला केंब्रिजमधल्या गटाला दशकाहून जास्त काळ लागला आणि तो १९८६ साली छापला गेला. त्यानंतर केळ्यावर घोंगावणाऱ्या फळमाशीच्या मेंदूचा पूर्ण नकाशा हातात यायला २०२४ उजाडलं. त्यात सुमारे १ लाख ३९ हजार पेशी आहेत. त्यासाठी कितीतरी देशांतली माणसं आणि संगणक राबत होते. चेतातंतूतून विजेचा संदेश कसा पळतो, हे हॉजकिन आणि हक्सली या दोघांनी माकुळाच्या जाड चेतातंतूवर शोधलं. १९३९ मध्ये त्यांनी पहिली नोंद घेतली, मध्ये महायुद्ध आलं, पूर्ण उलगडा १९५२ मध्ये छापून आला आणि नोबेल मिळालं १९६३ मध्ये.

आपल्या घराजवळचं उदाहरण घ्या. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या शुभा तोळे अमेरिकेत पीएचडी आणि पुढचं संशोधन करून १९९९ च्या सुमारास कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रुजू झाल्या. गर्भात मेंदू घडत असताना कुठल्या भागाने काय व्हायचं, हे ठरवणाऱ्या एका जनुकाचा त्यांच्या गटाने छडा लावला. ते काम 'सायन्स' या नियतकालिकात आलं २००८ मध्ये. भटनागर पुरस्कार मिळाला २०१० मध्ये आणि इन्फोसिस पुरस्कार २०१४ मध्ये. त्या कथकही करतात, हे मी मुलींच्या आयांना मुद्दाम सांगतो. याच संस्थेतल्या विदिता वैद्य याही झेवियर्सच्याच. मनावरच्या ताणाने आणि नैराश्याने मेंदूत काय बदलतं, हा त्यांचा विषय. त्यांना भटनागर पुरस्कार २०१५ मध्ये मिळाला आणि इन्फोसिस २०२२ मध्ये. या दोघी मुंबईतच पदवीपर्यंत शिकल्या, बाहेर गेल्या, परत आल्या. यातलं कुठलंच साल त्यांच्या घरच्यांना आधी सांगता आलं नसतं.

तुमचं मूल लॅबमध्ये दिवसभर करतं काय, तेही एकदा जवळून बघा. समजा, ती उंदराच्या मेंदूतल्या आठवणीच्या भागावर काम करतेय. सकाळी सातला ती क्षार आणि साखर मोजून एक द्रव तयार करते, त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडते आणि तो बर्फागत गार करते. मग मेंदू बाहेर काढून, थरथरत्या पात्याच्या यंत्रावर त्याचे ०.३ मिलिमीटर जाडीचे काप घेते. हे काप त्या द्रवात काही तास जिवंत राहतात, आणि त्या काही तासांतच सगळं उरकायचं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी निवडायची. काचेची नळी तापवून, ताणून तिचं टोक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं बारीक केलेलं असतं, ते त्या पेशीला अलगद टेकवायचं. नळीच्या दुसऱ्या टोकाला जोडलेली रबरी नळी तोंडात धरून श्वास किंचित आत ओढायचा. काच आणि पेशीचं आवरण घट्ट चिकटलं, की पडद्यावर त्या एका पेशीची वीज दिसायला लागते. कधी पेशी फुटते, कधी काच नीट चिकटत नाही, कधी शेजारच्या खोलीतलं यंत्र सुरू झालं म्हणून नोंदीत गोंगाट शिरतो. रात्री आठला ती लॅबमधून बाहेर पडते तेव्हा वहीत कधी चार पेशींची नोंद असते, कधी एकीचीही नसते. आणि नेमका तेव्हाच तुमचा फोन येतो, "मग, आज काय केलंस?"

इथे काही घरांत प्रश्न येतो तो उंदरांचा. शाकाहारी, माळकरी घरात हा प्रश्न यावा हे स्वाभाविक आहे. असे प्रयोग मनाला येईल तसे करता येत नाहीत. प्रत्येक संस्थेत प्राण्यांवरच्या प्रयोगांची नीतिसमिती असते, आधी तिची परवानगी लागते आणि किती प्राणी वापरले याचा हिशेब ठेवावा लागतो. तरीही मन घेत नसेल, तर या विषयात प्राण्यांना हात न लावता करण्याजोगं भरपूर आहे. माणसांच्या मेंदूचे एमआरआय आणि ईईजी, संगणकावर पेशींची गणितं मांडणं, भाषा आणि लक्ष यांवरचे प्रयोग. मुलाने हा विचार गाईड, म्हणजे पीएचडीचा मार्गदर्शक, निवडण्याआधी करायचा. घरात त्यावर एकदा शांतपणे बोलणं झालेलं असावं.

फळमाशीवर काम करणाऱ्या मुलांचं वेगळंच असतं. माश्या काचेच्या बाटल्यांत, मक्याच्या पिठाच्या आणि साखरेच्या खाद्यावर वाढतात. अंड्यापासून माशी व्हायला उबदार खोलीत सुमारे दहा दिवस लागतात. हव्या त्या नर-मादीचीच जोडी लावायची, तर मादी कोषातून बाहेर आल्यावर साधारण आठ तासांच्या आत वेगळी काढावी लागते. उशीर झाला तर ती कुणाशी जुळली ते कळायला मार्ग नाही, आणि पुन्हा दहा दिवस थांबणं आलं. लक्ष्मीपूजन आहे म्हणून माश्या थांबत नाहीत. तुमची मुलगी दिवाळीला दोनच दिवस येते, तेही कुणा मैत्रिणीच्या गळ्यात बाटल्या मारून येते, तेव्हा "तिला घरची ओढच राहिली नाही" असं म्हणण्याआधी हे आठवा.

मग ओढ खरी आहे हे ओळखायचं कसं? मुलांना मेंदूविषयीचे व्हिडिओ आवडतात, त्यावरून काहीच ठरत नाही. मी पालकांना सांगतो, मुलीला एक सुट्टी लॅबमध्ये घालवू द्या. देशातल्या विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. साधारण दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळतं आणि वर विद्यावेतनही मिळतं. टीआयएफआरचाही उन्हाळी कार्यक्रम आहे. अर्ज हिवाळ्यातच भरायचे असतात, मे महिन्यात धावाधाव करून उपयोग नाही. बेंगळुरूला जाणं झालं तर निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेचं मेंदू संग्रहालय सगळ्या घराने बघा. ठरावीक दिवशी ते लोकांसाठी उघडं असतं आणि खरा मेंदू तिथे हातात घेऊन बघता येतो. सुट्टी संपवून मुलगी घरी आली, की "मजा आली का" असं विचारू नका. "काय काय फसलं" असं विचारा. फसलेल्या प्रयोगाविषयी ती डोळे चमकावत अर्धा तास बोलली, तर समजा ओढ खरी आहे. आणि "तेच तेच काम असतं हो, कंटाळा येतो" असं म्हणाली, तरी ती सुट्टी कारणी लागली. पुढची सात वर्षं वाचली.

आता वाटा. पदवी प्राणिशास्त्राचीच हवी असं नाही. जीवशास्त्र, बायोटेक, मानसशास्त्र, फार्मसी, भौतिकशास्त्र, इंजिनिअरिंग, अगदी एमबीबीएस झालेली मुलंही या विषयात येतात. उलट गणित आणि प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांची इथे फार गरज आहे. "अकरावीला गणित सोडलं तर चालेल ना?" असं कुणी विचारलं, तर मी सांगतो, जमत असेल तर सोडू नका. एक वाट एमएस्सी करून मग पीएचडीची. नुसती न्यूरोसायन्सची एमएस्सी फार थोड्या ठिकाणी आहे. ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठात आहे, हैदराबाद विद्यापीठात मेंदू आणि आकलन यांचा एकत्र अभ्यास आहे. पण जीवशास्त्राची किंवा प्राणिशास्त्राची चांगली एमएस्सी करूनही पीएचडीला न्यूरोसायन्स घेता येतं, आणि बहुतेक मुलं तसंच करतात. दुसरी वाट बीएस्सीनंतर थेट इंटिग्रेटेड पीएचडीची. टीआयएफआर, बेंगळुरूचं एनसीबीएस, भारतीय विज्ञान संस्था आणि पुण्याचं आयसर या ठिकाणी ती सोय आहे. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, ते फक्त याच विषयाला वाहिलेलं. पुण्याच्या आयसरमध्ये तर गाणाऱ्या चिमुकल्या फिंच पक्ष्यांवर काम चालतं. पिल्लू बापाचं गाणं कसं शिकतं, यावरून शिकण्याचा उलगडा करायचा.

परीक्षांची नावं कानावर असू द्या. जॅम, गेट, सीएसआयआर-नेट, आणि जीवशास्त्राच्या पीएचडीसाठी टीआयएफआर घेते ती जेजीबिल्स. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली, तर पीएचडीची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडं. १ जानेवारी २०२३ पासून हे दर लागू आहेत. आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थाही आपापल्या गटातल्या पीएचडीच्या मुलांना फेलोशिप देतात. त्यांच्या जाहिरातींवर मुलाने स्वतः नजर ठेवायला हवी. म्हणजे पंचविशीतली तुमची मुलगी घरून पैसे न मागता शिकू शकते. एक व्यवहाराची गोष्ट तेवढी सांगतो. फेलोशिपचे पैसे वेळेवर जमा होत नाहीत, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. कधी दोन-तीन महिने थकतात आणि मग एकदम येतात. तेवढ्या महिन्यांची मेसची आणि भाड्याची सोय बाजूला ठेवा, आणि ती देताना तोंड वाकडं करू नका. तिने काही चूक केलेली नसते.

परदेशाचं म्हणाल, तर तिथे डिग्रीचं नाव बघण्याआधी खर्च कोण करणार ते बघा. अमेरिकेत पीएचडीला घेतलं, की बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि जगण्यापुरतं विद्यावेतन मिळतं. मात्र २०२५ मध्ये तिथे संशोधनाच्या सरकारी पैशाला कात्री लागली आणि काही विद्यापीठांनी जागा कमी केल्या, त्यामुळे तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. इंग्लंडमधली एमएस्सी एका वर्षाची असते. फी आणि राहणं धरून तीस-चाळीस लाख सहज जातात, लंडनमध्ये त्याहूनही जास्त. घर गहाण ठेवून ती करायला पाठवणं मला पटत नाही, कारण त्या एका वर्षाने या क्षेत्रात कर्ज फिटेल अशी नोकरी हमखास लागत नाही. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र असते, पण ट्युबिंगन हे विद्यापीठाचं गाव ज्या राज्यात आहे, तिथे आपल्या मुलांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे जवळपास बारा हजार युरो आधी बँकेत अडकवून ठेवावे लागतात. ते पैसे मुलालाच दरमहा परत मिळतात, पण सुरुवातीला उभे करावे लागतातच.

आता वेळेकडे येतो. सगळ्यात अवघड तेच आहे.

हिशेब मांडा. पदवी एकविसाव्या वर्षी, एमएस्सी तेविसाव्या. नेट, मुलाखती यांत एखादं वर्ष जातं. मग पीएचडीची पाच-सहा वर्षं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत, पण जीवशास्त्रात तीन वर्षांत आटोपलेली पीएचडी मला तरी आठवत नाही. म्हणजे तिशी आली. या काळात तिचा इंजिनिअर मावसभाऊ फ्लॅट घेतो, चुलतबहिणीच्या बाळाचं बारसं होतं. आणि प्रत्येक लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "अजून शिक्षण संपलं नाही का हो?"

त्या प्रश्नाचं उत्तर मुलीला द्यायला लावू नका, तुम्ही द्या. "ती संशोधन करते, सरकार तिला त्याचे पैसे देतं," एवढं पुरे. तुम्ही मान खाली घालून "हो ना, बघू या कधी संपतंय" असं म्हणालात, तर ते तिच्यापर्यंत पोचतंच.

मुलींच्या बाबतीत लग्नाचं बोलणं टाळून चालत नाही. मी एवढंच सांगतो, की लग्न आणि पीएचडी यांचं वैर नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्याच नियमांत मुलींना पीएचडी पुरी करायला दोन वर्षं वाढवून मिळतात, आणि बाळंतपणासाठी, मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. स्थळ बघताना आपण पगार, शेती, फ्लॅट सगळं विचारतो. तसंच हेही विचारा, की मुलगी आठवड्याचे सहा दिवस लॅबमध्ये असेल आणि रात्री उशिरा येईल, ते तुम्हाला चालेल का. कुणाला चालणार नसेल, तर ते बोलणी पुढे जाण्याआधीच कळलेलं बरं. हे विचारायचं काम आईवडिलांचं आहे, मुलीवर टाकू नका.

पीएचडीचं तिसरं-चौथं वर्ष फार कठीण जातं. अभ्यासक्रम संपलेला असतो, परीक्षा नसतात, मार्क नसतात. ज्या प्रश्नाचं उत्तर शोधायचंय ते कुणालाच ठाऊक नसतं. आजवर पहिल्या पाचांत आलेलं मूल पहिल्यांदाच रोज हरत असतं. गाईडशी जमलं तर ठीक, नाही जमलं तर एकेक महिना वर्षासारखा जातो. म्हणून गाईड निवडताना नुसतं नाव बघू नको, त्यांच्या लॅबमधल्या जुन्या मुलांशी बोल, असं तिला आधीच सांगा. तुम्ही मात्र परस्पर गाईडला फोन करू नका. ते कॉलेज नाही, आणि तुमच्या फोनने तिचं काम सोपं होणार नाही.

फोनवरचं बोलणं तुटक व्हायला लागलं, झोप आणि जेवण बिघडलं, घरी येणंच ती टाळायला लागली, तर जाऊन भेटा. मेंदूचा अभ्यास करणाऱ्याच्या मेंदूलाही शीण येतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बहुतेक मोठ्या संस्थांत समुपदेशक असतात. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. हा नंबर तुमच्याही फोनमध्ये असू द्या.

शेवटी नोकरी. इथे मी गोड बोलणार नाही. पीएचडीनंतर पोस्टडॉक म्हणून आणखी दोन-चार वर्षं, बहुधा परदेशात, आणि मग संस्थेत शास्त्रज्ञाची जागा, हा राजरस्ता. त्यावर गर्दी फार आणि जागा थोड्या. आपल्याकडे सीनियर कॉलेजांतली भरती कशी रखडते, हे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. पण वाट तेवढी एकच नाही. औषध कंपन्या, क्लिनिकल ट्रायल घेणाऱ्या कंपन्या, वैद्यकीय लेखन, पेटंटचं काम, ईईजीसारखी उपकरणं बनवणारे लहान उद्योग, या सगळीकडे ही मुलं जातात. सहा वर्षं गोंगाटातून नोंद वेगळी काढणाऱ्या, स्वतः प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाला डेटाच्या कामात मागणी असते. म्हणून पहिल्या वर्षापासून पायथॉन आणि संख्याशास्त्र नीट शिकायला सांगा. तो त्याचा विमा.

आणि मध्येच तिने सोडायचं ठरवलं तर? तेही होतं. इंटिग्रेटेड पीएचडीत बऱ्याच ठिकाणी ठरावीक टप्प्यावर मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडता येतं. "एवढी वर्षं फुकट गेली" हे वाक्य त्या दिवशी घरात कुणी उच्चारू नये. ती रडकुंडीला येऊन हा निर्णय सांगत असते, तेव्हा तिने तो आपल्या आधी मनात शंभर वेळा घोळवलेला असतो.

तर फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ काढा. टीव्ही बंद करा, मुलगी आणि तुम्ही दोघं बसा. पैसे कुठून येतील, घरून किती लागतील आणि कधीपर्यंत, हे कागदावर लिहा. प्रवेश मिळाला नाही तर दुसरी वाट कोणती, तेही लिहा. लग्नाचा विषय तिच्या तोंडून ऐका. दर वर्षाच्या शेवटी एकदा बसून काय चाललंय याचा आढावा घ्यायचा, हे तिच्याकडून कबूल करून घ्या. हे तुमच्या हक्काचं आहे. आणि मग उरलेले अकरा महिने "कधी संपणार?" हे विचारायचं नाही, हे तुम्ही कबूल करा. त्याऐवजी विचारा, "सध्या कुठल्या प्रश्नावर अडली आहेस?" उत्तर तुम्हाला पुरतं कळेल असं नाही. पण हा प्रश्न विचारणारे आईवडील पाठीशी असले, की मुलं पुढच्या सोमवारी लॅबमध्ये परत जातात, असं मी वर्षानुवर्षं बघत आलो आहे.